दोघांची सोय

यातलं मी काहीही रंगवलेलं नाही. रंगवायचंच असतं, तर मेव्हण्यांना निदान डोक्यावर चार केस तरी दिले असते.

मेव्हणे म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. मोटारसायकलच्या सीटा शिवतात. दुकान घरामागच्या शेडमध्ये. आणि हे सुरू झालं तेही त्याच शेडमध्ये, एका रविवारी, दिवेलागणीला.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या लांबच्या प्रवासासाठी सीटा शिवल्या, पण स्वतः कधी गावाबाहेर पडलो नाही, हे मेव्हण्यांना फार सलायचं. त्यात डॉक्टरांनी पाठीचा फोटो बघून सांगितलं, "काय चालवायची ती यंदाच चालवून घ्या. पुढच्या वर्षी मोटारसायकल विसरा."

झालं! रस्ता जिथे समुद्राला लागून संपतो, तिथपर्यंत जायचं ठरलं. हॉटेलं परवडणारी नव्हती, म्हणून मुक्काम वाटेतल्या जुन्या गिऱ्हाइकांकडे.

"मी पण येते," धाकटी म्हणाली.

"दोघांचं नाही बसत बजेटमध्ये."

"मी काय खाणार आहे तुमचं? बसेन एका कोपऱ्यात."

"मोटारसायकलला कोपरा नसतो."

यावर धाकटी पाय आपटत घरात गेली.

मेव्हणे स्वतःची सीट घडवायला बसले. त्यांची पद्धत साधी. कोऱ्या फोमवर खडूची भुकटी भुरभुरायची. त्यावर बसायचं, उठायचं. जिथली भुकटी पँटला लागून गेली, तिथे वजन पडतं. तेवढा फोम तासायचा.

त्या संध्याकाळी ते बसले, उठले, पँट झटकली आणि चहाला घरात गेले.

परत आले तर...

फोमवर दोन ठसे होते.

एक त्यांचा.

आणि त्याला अगदी चिकटून, मागे... दुसरा. लहानसा.

"झाला का पोरखेळ करून?" ते घराकडे तोंड करून ओरडले.

धाकटी कप विसळत दारात आली. "कसला पोरखेळ? आत्ता तर तुमच्यासमोर बसून चहा घेतला मी."

घेतला होता खरा. घरात तिसरं कुणी नव्हतं. शेडला दुसरं दारही नाही.

मेव्हणे असे वैतागले, की त्यांनी मागचा फोम कापूनच टाकला. तिथे सामानासाठी फळी ठोकली. म्हणाले, बसा आता!

दुसऱ्या दिवशी मुक्कामाचे फोन करायला घेतले. पहिला फोन एका शाळामास्तरांना.

"या की! दोघांची सोय करून ठेवलीय."

"दोघांची? अहो, मी एकटाच येतोय."

"असं कसं? काल तुमच्याच नंबरवरून बाई बोलल्या ना..."

"काय बोलल्या?"

"फार नाही. नुसतं 'दोघं' म्हणाल्या. आणि मग बराच वेळ... फोन ठेवलाच नाही."

पुढचा फोन बेकरीवाल्याला. तिथेही दोघांची गादी घालून तयार. वर त्याने काळजीने विचारलं, "वहिनींना दम्याचा त्रास आहे का हो? नुसता श्वास ऐकू येत होता..."

मेव्हण्यांनी फोन उलटासुलटा करून पाहिला. असले कॉल गेल्याची कुठेही नोंद नव्हती.

ते तणतणत घरात गेले. "भांडायचं तर सरळ भांड ना! माझ्या गिऱ्हाइकांना कशाला फोन?"

"मी? आणि फोनवर एकच शब्द बोलून गप्प बसेन?"

हे मात्र मेव्हण्यांना पटलं. धाकटीला एका शब्दावर थांबलेलं आजवर कुणी पाहिलेलं नाही.

मग जिथे फोन लावावा तिथे तेच. दोघं. दोघं. दोघं. खुलासे करकरून त्यांचा घसा बसला. निघायचा दिवस पुढे ढकलून झाला, पुन्हा ढकलून झाला. शेवटी त्यांनी हात टेकले.

"ये बाई, तूही ये. दोघं तर दोघं! माझ्या डोक्याचा ताप तरी जाईल."

धाकटी हरखली. फळी निघाली, मागे नवा फोम आला. दोघं भुकटीवर बसून उठली. दोनच ठसे उमटले. धाकटीचा चांगला ऐसपैस.

मेव्हणे त्याच्याकडे बघत राहिले. त्या रविवारचा ठसा... याच्या निम्माही नव्हता.

पण त्यांनी फोम तासायला घेतला. मुश्किलीने जुळलेलं होतं.

उजाडायच्या आधी निघाले. मेव्हणे फाटकाबाहेर गाडी तापवत होते. धाकटी दाराला कुलूप लावत होती.

गाडीचा मागचा भाग हलकेच खाली बसला. खांद्यावर हात आला.

"बसलीस?"

खांद्यावर दोन थापट्या.

ते निघाले.

रस्ता मोकळा होता, हवा गार. इतक्या दिवसांचा वैताग उतरला आणि मेव्हण्यांना कंठ फुटला. संसारात बायकोशी जे कधी बोलले नव्हते, ते ते हेल्मेटच्या आतून बोलत गेले.

मागून फक्त यायचं... "हं."

गावाबाहेरच्या पंपावर थांबले. पंपावरचा माणूस म्हणाला, "मॅडमना जरा उतरवा. टाकी उघडायचीय."

"उतर गं."

गाडीचा मागचा भाग हलकेच वर आला.

त्यांनी टाकीची चावी काढून दिली. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"अहो!" धाकटी होती. रडवेली. "मला दारात टाकून कुठे निघालात?"

मेव्हण्यांनी वळून पाहिलं.

मागे कुणीच नव्हतं.

पंपावरचा माणूसही इकडेतिकडे बघत होता. "मॅडम... कुठे गेल्या?"

ते तिथूनच परत फिरले. मागची सीट हाताने दाबून धरून, एका हाताने गाडी चालवत.

ट्रिप झाली नाही. डॉक्टरांनी दिलेलं वर्षही सरलं. ती कोण, कुठली, काहीच कळलं नाही. गाडी काही कुणाची जुनी नव्हती, शेडमध्येही कधी बरंवाईट घडलेलं नाही. मी स्वतः आजूबाजूला विचारून आले.

मेव्हणे मागे एकदा मला म्हणाले, "ताई, त्या रस्त्यावर मी हिच्याबद्दल मनात होतं ते सगळं बोललो."

"मग आता सांगा की तिला!"

"तेच तर... बोललो एवढं आठवतं. काय बोललो, त्यातला एक शब्द आठवत नाही."

धाकटी अजून विचारते. कधी लाडात येऊन, कधी चिडून. ते डोकं धरून बसतात. खरंच आठवत नाही त्यांना.

माझ्या बहिणीच्या हक्काचं बोलणं होतं ते. पंपावर उतरताना कुणीतरी घेऊन गेलं...