टीव्हीसमोर टाकलेली ओळ

रंजीता गायला लागली की रोवण्याला वाकलेल्या बायकांच्या कंबरा दुखायच्या थांबतात, असं चंद्रपूर जिल्ह्यात सावलीजवळच्या एका गावात म्हणत. धानाची रोपं लावताना एकीनं गाण्याची अर्धी ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती झेलून पुरी करायची, ही तिथली रीत. टाकणारी कायम रंजीताच. पण हिवाळ्यात तिच्या गळ्यावरची गाठ काढली आणि आवाज फुटक्या मडक्यासारखा वाजू लागला. डॉक्टर म्हणाले, हळूहळू गात राहा, येईल. तिला धास्ती एकच : यंदा दुसरी कुणी ओळ टाकणार आणि आपण मागून झेलणार. त्यापेक्षा रोवण्याला जाणारच नाही, असं तिनं नवऱ्याला सांगूनही टाकलं होतं.

चंद्रपुरात शिकणारी नणंद स्वाती सुटीत गाण्याचा व्हिडिओ गेम घेऊन आली. गाणं सुरू झालं की टीव्हीवर निळ्या पट्ट्या सरकायच्या, कधी वर, कधी खाली. माइकमध्ये गाणाऱ्याचा सूर पिवळ्या रेघेनं उमटायचा. रेघ पट्टीवर बसली की गुण.

"वहिनी, माइक तोंडात नोका घालू," स्वाती सांगे. "अन् ओरडू नोका. शब्द चुकला तं चालते, सूर नाई सुटला पायजे. नुसतं हुं हुं केलं तरी गुण भेटते."

दुपारची भांडी आवरली की रंजीता टीव्हीसमोर बसायची. दम कुठे घ्यायचा, सूर कुठे धरून ठेवायचा, ते तिला कळू लागलं. गळा सुटत चालला. एक गोष्ट मात्र सुटेना. अर्धी ओळ म्हटली की ती गप्प व्हायची, बायका झेलतील म्हणून. जित्याची खोड!

"इथी कोन झेलते वो?" स्वाती हसून हसून लोळायची. "टीव्ही?"

"टाकलेली ओळ तशीच ठेवू नाई, स्वातीबाई. कोनी ना कोनी झेललीच पायजे."

त्या दुपारी ती थांबली आणि पिवळी रेघ थांबली नाही. पट्टीवर नीट बसून पुढे गेली. गुण चढले.

स्वातीनं पंखा बंद केला, टीव्हीचा आवाज घालवला, दार लावून घेतलं. पुन्हा तेच.

"माइक बिघडला असन," ती म्हणाली. या वेळी हसली नाही.

रंजीताला खरं तर बरंच वाटलं. झेलणारं कुणी असलं की गळा मोकळा होतो, हे गाणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. कोण, ते तिनं विचारलं नाही. रोज थोडं थांबत गेली, रोज आवाज सुधारत गेला.

रोवण्याच्या आदल्या दुपारी स्वाती नहरावर कपडे धुवायला गेली होती. घरात रंजीता एकटीच. तिनं गाणं लावलं, माइक धरला, दम घेतला.

तिनं तोंड उघडायच्या आधीच रेघ निघाली.

अर्धी ओळ झाली आणि थांबली.

पुढची पट्टी रिकामीच सरकू लागली.

रंजीताला भीती वाटली. पण ओळ तर टाकलेली होती.

तिनं झेलली.

गाणं संपलं तेव्हा एकही सूर सुटलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बायका धानाच्या बांधीत रांगेनं वाकल्या. चिखल कोमट होता. रंजीतानं पहिलं रोप खोचलं आणि आवाज निघाला, मोकळा, पहिल्यासारखा. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"परत आला वो तुहा गळा!" शेजारची अन्नपूर्णा म्हणाली आणि वाकून पुन्हा गायला लागली.

अर्धी बांधी हिरवी झाल्यावर रंजीतानं मान वळवून रांगेकडे पाहिलं.

ओळ संपली की सगळ्यांची तोंडं मिटत होती, तिचंही. तरी पुढची ओळ स्पष्ट ऐकू येत होती, मग सगळ्या ती झेलत होत्या.

रंजीताही झेलत होती.