तोंडातलं बटण

बालवाडीच्या बाईंच्या कोटाचं बटण बसमधून उतरताना तुटलं. समोरच शिंप्याचं दुकान होतं, म्हणून ती आत शिरली. मास्तर तरुण, हात सफाईदार, पण खोड वाईट — बटणं ओठांत धरून टाके घालायचा.

"माझ्या वर्गातली पोरंसुद्धा असलं काही तोंडात घालत नाहीत," ती म्हणाली.

"मग मलाही घ्या की वर्गात," तो ओठांतलं बटण सांभाळत पुटपुटला.

झालं. तेव्हापासून बाईंची बटणं फारच तुटायला लागली. आज तर तिनं बटण चक्क कात्रीनंच कापून आणलं होतं. मास्तरांनी ते ओठांत धरलं, तिनं काहीतरी चावट टोमणा मारला, तो खळखळून हसला... आणि हसू मध्येच थांबलं.

आधी तिला थट्टाच वाटली. पण त्याचे दोन्ही हात गळ्याशी गेले. ना खोकला, ना आवाज, नुसते डोळे तिच्यावर खिळलेले. आपण कापलेलं बटण... आपणच हसवलं...

खोकता येतंय का, तिनं विचारलं. त्यानं मान हलवली — नाही. कोपऱ्यात कपड्यांना इस्त्री करणारी त्याची आत्या हातातलं टाकून पाण्याचा तांब्या घेऊन धावली.

"पाणी नको, आत्या. ॲम्ब्युलन्स बोलवा."

तिनं त्याला पुढं वाकवलं आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहातानं पाच जोरकस तडाखे दिले. काही नाही. त्याचे ओठ निळे पडत चालले. प्रथमोपचाराच्या शिबिरात हेच सगळं बाहुल्यावर करताना ती मैत्रिणींबरोबर खिदळली होती. त्याच्या मागे उभं राहून तिनं बेंबीच्या जरा वर मूठ ठेवली, दुसऱ्या हातानं ती घट्ट धरली आणि आत, वरच्या बाजूला हिसका दिला. पुन्हा दिला. त्याचे गुडघे वाकायला लागले. देवा, हा गेला तर... अजून मी मनातलं काही बोललेसुद्धा नाही याच्याशी. रडत रडतच तिनं आणखी एक हिसका दिला.

बटण टपकन टेबलावर पडलं. त्यानं घरघरत मोठा श्वास ओढला.

आत्या फोन हातात घेऊन मटकन खाली बसली. श्वास सुरू झालाय, पण पोटाला मार बसलाय, डॉक्टरांना दाखवायलाच हवं, असं बाईंनी तिला बजावलं. हात मात्र सुटेनात. कपाळ त्याच्या पाठीला टेकवून ती तशीच उभी राहिली.

"बाई," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "निघालं बटण. सोडा आता..."

"नाही सोडणार."

मग तिच्या मुठीवर त्यानं आपला हात ठेवला.

"बरं," तो म्हणाला.