मांजराच्या मापाचा पलंग

त्याचं कपाट दारात अडकलं, तेव्हा मी आत होते.

झालं असं, की आमच्या एजन्सीनं भाड्यानं दिलेल्या एका फ्लॅटच्या किल्ल्या नव्या भाडेकरूला, एका सुताराला, द्यायला मी गेले होते. बेडरूमची खिडकी नीट लागते का ते बघत होते, आणि मागून धडाम्! सात फुटांचं कपाट आडवं होऊन दारातून बरंचसं आत आलं आणि समोरच्या भिंतीला जाऊन टेकलं. पुढे सरकेना, मागे हटेना.

"आत कोणी आहे का?" पलीकडून आवाज आला.

"आहे. एजन्सीतून आलेय."

"या घराच्या फोटोंचं प्रेझेंटेशन तुम्हीच केलंत?"

"मीच."

"छान. मग बसा आतच."

त्याचा जोडीदार अवजारं आणायला खाली पळाला. कपाट आणि चौकट यांच्यामधल्या फटीतून मला त्याचा एक डोळा आणि अर्धी मिशी दिसत होती. डोळा चांगला होता. पण चूक आपली असली की मी आधी आवाज चढवते, ही माझी जुनी खोड.

"माप न घेता कपाट करणारा सुतार मी पहिल्यांदाच बघतेय!"

"माप घ्यायला किल्ली मागितली होती. तुमचे साहेब म्हणाले, प्रेझेंटेशन बघा, त्यात सगळं आहे. बघितलं. त्यात पलंग होता. पलंग सव्वासहा फुटांचा असतो. त्यावरून खोलीचं माप काढलं."

फोटो काढताना खोली रिकामी होती. तो पलंग मी कॉम्प्युटरवर बसून टाकला होता. आणि खोली ऐसपैस दिसावी म्हणून, साहेबांच्या हुकमावरून, चांगला आखूड करून टाकला होता.

"तो पलंग... खरा नव्हता," मी म्हणाले.

"किती फुटांचा होता?"

"पावणेपाच."

फटीतला डोळा मिटला. "त्यावर कोण झोपणार? मांजर?"

मला हसू फुटलं. मग त्यालाही. तेवढ्यात जोडीदार अवजारं घेऊन आला, हसता हसता करवत सुरू झाली आणि माझं हसू विरून गेलं. कपाटाचा नक्षीदार माथा तो कापत होता. सहा महिने खपून, स्वतःच्या पहिल्यावहिल्या बिऱ्हाडासाठी त्यानं ते केलं होतं, हे जोडीदार पुटपुटला म्हणून मला कळलं. लाकडाचा ताजा वास खोलीभर पसरला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वाट मोकळी झाली. त्याच्या पापण्यांवर भुसा बसला होता.

"सॉरी," मी म्हणाले.

"सॉरीनं खोली वाढत नाही," तो म्हणाला, आणि कपाट ओलांडायला मला हात दिला. तो हात त्यानं जरा उशिराच सोडला. मीही काही घाई केली नाही.

साहेब म्हणजे माझे सख्खे काका. एजन्सी त्यांची, आणि मी तिथली 'फोटोवाली'. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं." त्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. एका निवृत्त मेट्रनबाईंना आपलं घर विकायचं होतं. त्यांनी तीन एजंटांना प्रेझेंटेशन करायला सांगितलं होतं. ज्याचं पटेल, त्याला काम.

"हे काम आणलंस तर तुला स्वतःचं टेबल, स्वतःची गिऱ्हाइकं," काका म्हणाले. "गेलं, तर उद्यापासून फोन उचलायचे. कळलं?"

पाच वर्षं मी त्या टेबलासाठी झुरत होते. पण डोक्यात करवतच चालू होती. दुसऱ्या दिवशी मी सुताराच्या कारखान्यात जाऊन उभी राहिले.

"खोलीचं खरं माप फोटोत कसं दाखवायचं?" मी विचारलं.

त्यानं रंधा खाली ठेवला. "एक तरी खरी वस्तू ठेवा. प्रत्येक खोलीत तीच. बघणाऱ्याला आपोआप कळतं." त्यानं कोपऱ्यातली एक खुर्ची पुढे केली. साधी, सरळ पाठीची.

"दोन दिवसांसाठी न्यायची आहे."

"माझी खुर्ची एकटी कुठे जात नाही."

"मग?"

"सोबत मी येतो."

मेट्रनबाई बहिणीकडे राहायला गेल्या होत्या, घर रिकामं होतं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आम्ही खुर्ची या खोलीतून त्या खोलीत नाचवत होतो.

"जरा डावीकडे."

"खुर्ची, की मी?"

"दोघंही. तुमची सावली पडतेय."

"सावलीचं काय घेऊन बसलात... ती तुमच्याकडेच जाते, मी काय करू?"

"उजेड बघायचाय. बसा जरा त्यावर," मी म्हणाले, तेवढंच मला कॅमेऱ्यामागे लपता आलं. तो बसला. लेन्सकडे बघायचं सोडून वर, थेट माझ्याकडे बघत राहिला... मी बटण दाबलं.

प्रेझेंटेशनच्या दिवशी, मेट्रनबाईंच्या बहिणीच्या दारातच काकांनी माझ्या हातावर पेन ड्राइव्ह ठेवला. माझी खुर्चीची कल्पना त्यांना पटली नव्हती, त्यांनी प्रेझेंटेशन दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं होतं. सगळ्या खोल्यांत आखूड पलंग आणि बुटके सोफे. "हेच लावायचं. खुर्ची-बिर्ची दिसली तर बॅग उचल आणि घरी जा."

आत दुसऱ्या एजंटाचं संपत आलं होतं. आकाशातून घेतलेली दृश्यं, संगीत, आणि हाताची घडी घातलेले एजंटसाहेब स्वतः. बाईंनी चष्मा वर केला. "हा हॉल माझा? एवढी फरशी मी रोज पुसली असती, तर कधीच वर गेले असते."

माझी पाळी आली. मी काकांचा पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि माझा टॅब जोडला. पडद्यावर हॉल आला. रिकामा, आणि मधोमध खुर्ची. माझ्या शेजारी काकांचा श्वास अडकल्याचं मला ऐकू आलं.

"ही खुर्ची प्रत्येक खोलीत आहे," मी म्हणाले. "तिच्यावरून माप घ्या. हे स्वयंपाकघर. इथे भरदुपारीही दिवा लावावा लागतो."

काका खोकले. मी थांबले नाही.

"हे तू गिऱ्हाइकाला दाखवणार?" बाईंनी विचारलं.

"हो. खोटं दाखवलं तर वीस जण येतील आणि नाकं मुरडून जातील. दर वेळी तुम्ही गुडघे धरून जिने चढायचे, दार उघडायला. हे बघून तिघंच येतील. पण ते घर घ्यायला येतील, फिरायला नाही."

मी पुढचा फोटो लावला... आणि गार पडले. बेडरूम. खुर्ची. आणि खुर्चीवर तो, मिशीत हसत, थेट माझ्याकडे बघत. उजेड बघायचा म्हणून काढलेला तो फोटो मी काढून टाकलाच नव्हता.

बाई पुढे वाकल्या. "ही वस्तू घराबरोबर मिळते का?"

चुकून राहिला, म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. पण त्या दिवशी खोटं बोलायचं नाही, असं ठरवूनच मी आले होते.

"नाही," मी मान ताठ करून म्हणाले. "ती विकाऊ नाही. ती माझी आहे."

"त्या वस्तूला माहीत आहे का?"

"आज सांगणार आहे."

बाई खळखळून हसल्या. हसू ओसरल्यावर त्यांनी घराची किल्ली काढली आणि काकांना ओलांडून माझ्या हातात दिली. "घर तू विकायचं. हीच खुर्ची ठेवून."

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर काका म्हणाले, "टेबल खिडकीजवळचं घे. खुर्ची राहू दे. पण तो सुतार..."

"तोही राहणार, काका. विचारत नाहीये. सांगतेय."

कारखान्यात गेले तेव्हा तो पॉलिश करत होता. मी धापा टाकत म्हणाले, "काम मिळालं! आणि त्यांनी तुला विकत मागितलं."

"मग? काय भाव सांगितलास?"

"विकाऊ नाही म्हटलं. माझा आहे म्हटलं."

हातातलं फडकं तिथेच राहिलं. त्यानं शर्टाला हात पुसले, पुसून झालेले पुन्हा पुसले, आणि मग खिशातून मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. "मीही एक प्रेझेंटेशन केलंय. चार दिवस झाले... दाखवायचा धीर होत नव्हता."

तीनच फोटो होते, तेही तिरके. पहिल्यात त्याची बेडरूम आणि माथा नसलेलं कपाट. खाली लिहिलं होतं, 'दोष पहिला : कपाट कापलेलं.' दुसऱ्यात तो स्वतः. 'दोष दुसरा : मालक घोरतो.' तिसऱ्यात खुर्ची, आणि तिच्याशेजारी दुसरी तशीच खुर्ची, तीन पायांची.

"चौथा पाय?"

"गिऱ्हाईक हो म्हणालं की लावतो." त्यानं मोबाईल खिशात टाकला. "खोली लहान आहे, बघ. नंतर म्हणशील, फसवलं."

"मी आत अडकून बसले होते त्या खोलीत. मला सांगतोस?" मी चौथा पाय शोधून त्याच्या हातात दिला. "लाव. आणि ऐक..."

"काय?"

"पलंग तेवढा खऱ्या मापाचा कर."

तो कानापर्यंत लाल झाला. मग कानामागची पेन्सिल काढून त्यानं फळीवर लिहिलं, सव्वासहा फूट.