झाकणावरची नावं

“आई, मला परत यायचंय,” ती फोनमध्ये कुजबुजली. “आजच्या आज.”

प्रयोगशाळेचं काचेचं दार समोर बंद होतं. गळ्यातलं कार्ड चारदा लावून झालं, दार ढिम्म. आत मुलं पांढरे कोट घालून कधीच कामाला लागली होती... आणि ही सतरा वर्षांची पोर, घरापासून दोन विमानं लांब, बाहेर उभी.

“आधी आत तरी ये,” मागून कोणीतरी म्हणालं. चक्क तिच्याच भाषेत! “मग परत जा. दोन्हीला कार्ड लागतंच.”

ती दचकून वळली. तिच्याच वयाचा, पण उंचच उंच मुलगा. “उलटं धरलंयस,” त्याने कार्डाकडे बोट दाखवलं.

कार्ड सुलटं झालं, दार उघडलं. तिचे कान तापले.

“कोण गं तिकडे?” फोनमधून आई.

“कोणी नाही गं... शिडी आहे एक!” ती घाबरून बोलून गेली.

त्याने ऐकलं, आणि असा हसला की तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या दिवसापासून तो शिडी, आणि ती भित्री भागूबाई.

विद्यापीठाचा उन्हाळी अभ्यासक्रम सहा आठवड्यांचा. दोघादोघांची जोडी लावायची होती. या दोघांची लागली. काम मातीचं. बारा ठिकाणची माती आणायची, पाण्यात कालवायची, झाकणाच्या चपट्या काचेच्या बशांत जेलीवर तिचा थेंब पसरायचा, बशा उबदार कपाटात ठेवायच्या आणि दोन दिवसांनी उगवलेले जंतूंचे ठिपके मोजायचे. उत्तम जोडीला पुढच्या उन्हाळ्याचं बोलावणं. शिडीला ते हवं होतं... फार हवं होतं. इथेच शिकायचं, हे त्याने कधीचं मनाशी ठरवलं होतं.

अभ्यासक्रम शिकवणाऱ्या मॅडम म्हणजे एक प्रकरणच होतं. कपाळावर चष्मा, बोलणं तोफेसारखं. दुसऱ्याच आठवड्यात एका मुलाने मनाने आकडे लिहिले, तर दुपारच्या विमानाने त्याची घरी रवानगी. तेव्हापासून मॅडमची चाहूल लागली तरी ती बरण्यांआड सरके.

शिडी मात्र वरच्या फळीवरच्या बरण्या हात उंचावून काढायचा आणि तिच्यापुढे ठेवताना हळूच म्हणायचा, “घाबरू नकोस. मॅडम चावत नाहीत. चावल्याच तर आधी मला. मी जास्त दिसतो ना.”

ती हसायची. मग आपण हसलो म्हणून घाबरायची. हे काय होतंय आपल्याला?...

पाचवा आठवडा संपता संपता घात झाला. बारा बशांची चळत कपाटातून काढताना तिच्या हातून कलंडली. बशा वाचल्या, पण झाकणं घरंगळत टेबलभर झाली. तिने भराभर उचलून ती बसवली, हुश्श केलं, आणि मग काळजात धस्स झालं.

नावं झाकणांवर होती.

नाव बुडाला लिहायचं, झाकणावर कधीच नाही... हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “कळलं?” म्हणाल्या तेव्हा सगळ्यांनी मान हलवली, तिनेही हलवली. तिला त्या घाईच्या बोलण्यातलं निम्मं कळलं नव्हतं. आता कुठली माती कुठल्या बशीत, ते देवालाही सांगता आलं नसतं.

दोन दिवस तिने त्याच्याकडे बघायचंही टाळलं. आणि शिडी? तो खिडकीशी बसून खुशीत मोजत होता. काचेवर भुरभुर पाऊस.

“चोपन्न, पंचावन्न... भागूबाई, मैदानाची माती बघ, अगदी कोरडी ठणठणीत! आणि तळ्याकाठची ठिपक्यांनी उतू चाललीये. बोलावणं आपलंच!” मग एकदम त्याचा आवाज खाली आला. “म्हणजे... पुढच्या उन्हाळ्यात पण आपण दोघं. तुला चालणार असेल तर.”

त्याचे कान लाल झाले होते. किती गोड दिसत होता! गप्प बसावं, कोणाला कळणार आहे?... पण त्याने लिहिलेले ते खोटे आकडे, त्याखाली त्याचं नाव. उद्या उघडकीला आलं तर विमानात तो बसेल.

“शिडी... ते मैदान नसेल.”

“म्हणजे?”

तिने सांगितलं. अडखळत, खाली बघत.

“हे कधी झालं?”

“परवा.”

“आणि मी दोन दिवस मोजतोय?”

त्याने पेनाला टोपण लावलं आणि छत्री न घेताच निघून गेला.

गेला. आता ज्याची भीती उरली होती तेही करून टाकावं, म्हणून ती तडक मॅडमच्या खोलीत गेली.

“नाव कुठे लिहायचं सांगितलं होतं?”

“बुडाला.”

“मग?”

“मला कळलंच नव्हतं, मॅडम. मी उगीच मान हलवली.”

“विचारायला काय झालं होतं?”

“भीती वाटली. तुमची.”

“माझी?” मॅडमनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. “सगळ्या बशा टाकून दे. सादरीकरणाला चार दिवस आहेत. जंतू वाढायला दोन घेतात, तुझ्यासाठी घाई करणार नाहीत.”

“मग मी... घरी नाही जायचं?”

“घरी? मग माती कोण आणणार? पण नीट ऐक. झाकणावर नावं, म्हणजे आधीच्या मोजण्याही बाद. इतरांच्या मोजणीच्या तीन फेऱ्या, तुमची एकच. बोलावणं विसरा. दोघंही.”

ते ‘दोघंही’ काट्यासारखं रुतलं.

सगळ्या बशा टाकून संध्याकाळी ती खाली आली, तर पायरीवर शिडी. गुडघ्यापर्यंत चिखल, पुढ्यात मातीच्या बारा पिशव्या.

“तू... चिडला होतास ना?”

“आहे अजून. चिडून तळ्यापर्यंत गेलो. मग म्हटलं, आलोच आहे तर माती घ्यावी. गुलाबांच्या वाफ्यातून माळीकाकांनी हाकललं मला.”

“बोलावणं गेलं, शिडी. तुझंही.”

त्याने पिशव्या उचलल्या. “बशा काढ,” तो एवढंच म्हणाला.

कामाला सुरुवात झाली. ती एकेक बशी उलटी करून बुडाला नाव लिहीत होती. तो ज्योतीवर तार तापवून, निववून थेंब पसरत होता. अकरा झाल्या. बाराव्या बशीवर त्याचा हात आला... आणि तिला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

“मला तू आवडतोस.”

गरम तार तशीच जेलीत घुसली. चर्रर्र!

“हे आत्ता सांगायचं होतं?” तो ओरडलाच. “हातात तापलेली तार असताना?”

“नंतर धीर झाला नसता.”

“बशी गेली ना!”

“दुसरी आणते...”

“थांब गं.” त्याने तार खाली ठेवली. “मलाही. कधीचं. पण बोलायची छाती होत नव्हती.”

नवी बशी झाली. उबदार कपाटाचं दार त्याने अलगद लावलं.

“आता दोन दिवस उघडायचं नाही.”

“आणि मग?”

“मग मोजायचं. मग सादर करायचं. मग...” पुढचं दोघांनाही ठाऊक होतं. दोन विमानं, दोन दिशा. पुढचा उन्हाळा तर आता हातचा गेलेलाच.

“मला भीती वाटतेय,” ती म्हणाली.

“मलाही,” शिडी म्हणाला, आणि मातीचा हात कोटाला पुसून त्याने तिच्यापुढे धरला.