मोठ्याच्या गाडीचा आवाज

दार तेवढं ओढून घ्या रे. घाबरून नाही, गार वारा येतोय म्हणून. आणि भाच्या, तो मोबाइल जरा पालथा ठेव. संध्याकाळपासून तुमचं चाललंय, कुठला सायलेन्सर लावू, किती घुमला पाहिजे, शेजारच्या गल्लीतल्या काचा कशा थरथरल्या पाहिजेत. लावा की. मी कशाला नाही म्हणू? माझी सगळी हयात लेथवर गेली, तुमच्यासारख्यांच्या गाड्यांचे सिलिंडर बोअर करूनच पोट भरलं. फक्त कानसेनच्या बाबतीत काय झालं ते ऐका, मग ठरवा.

कानसेन म्हणजे माझा दोस्त. मेकॅनिक. गाडी रस्त्याच्या पार त्या टोकाला असायची आणि हा इकडे चहा पिता पिता सांगायचा, "हिचा टॅपेट ढिला झालाय." स्वतः गायला लागला की मात्र दारातलं कुत्रं उठून जायचं. म्हणून तानसेन नाही, कानसेन. त्याचं गॅरेज गाव संपतं आणि घाट सुरू होतो तिथेच. खाली गॅरेज, वर घर. काम फक्त क्रूझर गाड्यांचं. त्या लांबलचक, बुटक्या गाड्या नाही का, ज्यांच्यावर माणूस आरामखुर्चीत बसल्यासारखा बसतो, त्यांचं.

त्याच्या गिऱ्हाइकांत एक मोठा होता. घरात थोरला म्हणून मोठा, आणि अंगापिंडानेही मोठाच. काळी क्रूझर होती त्याची. गॅरेजवरून जाताना थांबायचा नाही, नुसती दोनदा रेस द्यायचा, घुर्र, घुर्र, आणि कानसेन आतूनच पाना उंच करायचा. एवढाच त्यांचा रामराम. एका रात्री हा मोठा घाटात गेला. म्हणजे... गेलाच. सकाळी दूधवाल्याला गाडी सापडली ती वरच्या आंधळ्या वळणावर, नीट स्टँडवर उभी, दिवा चालू. गाडीला ओरखडा नाही. आणि मोठा खाली दरीत. तो तिथे कशासाठी थांबला, गाडीवरून का उतरला, कुणालाच कळलं नाही.

दोन-अडीच वर्षं गाडी घरात कापडाखाली उभी होती. मग त्याचा धाकटा भाऊ ती ढकलत कानसेनकडे घेऊन आला.

"काका, हिला जागी करायचीय. आणि पहिल्यासारखी नको. मोठ्याच्या हाताखाली ती नुसती पुटपुटायची. मला ती बोलायला हवी."

"आई काय म्हणते?" कानसेनने विचारलं.

"आई कापडसुद्धा उचलू देत नव्हती. भांडून आणलीय." पोरगा सीटवरून हात फिरवत होता. "गाडीचा काय दोष, काका? आमचा ग्रुप रविवारी पहाटे घाट ओलांडून जातोय. मला हिच्यावरूनच जायचंय. त्या वळणावर एकदा थांबायचंय. बस्स."

कानसेनला नाही म्हणवेना. त्याने मन लावून काम केलं. सिलिंडर माझ्याकडे आला, मी आतलं भोक मोठं करून दिलं, त्यात मोठा पिस्टन बसला. कॅम बदलला, मोकळा श्वास घेणारा एअर फिल्टर आला, इंजिनाच्या कॉम्प्युटरचं मॅपिंग, म्हणजे कधी किती पेट्रोल सोडायचं ते, नव्याने झालं. एवढं सगळं बाजारात मिळतं. पण इंजिनापासून निघणारा बेंड पाइप आणि सायलेन्सर त्याने स्वतःच्या हाताने केला. तुकडे कापले, जोडले, ऐकलं, नाक मुरडलं, पुन्हा कापले. बायको वरून ओरडायची, "अहो, आता त्या पाइपलाच जेवायला वाढू का?" शेवटी शनिवारी तिन्हीसांजेला त्याने मला फोन केला आणि बोललाच नाही. नुसता फोन गाडीमागे धरला. पोरांनो, मी आयुष्यभर इंजिनं ऐकली. पण तो आवाज कानात वाजलाच नाही, पोटात वाजला. मग कानसेन म्हणाला, "दुसऱ्या कुठल्या गाडीतून निघाला हा आवाज, तर मिशी काढीन."

नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार होता तो. रात्री पावणेबाराला त्याने गाडी बाहेर काढली. मॅपिंग खरं कळतं ते चढावर, इंजिनावर भार आला की. दिवसा ट्रकांच्या रांगेत ते जमत नाही. बायको म्हणाली, सकाळी जा. तो म्हणाला, सकाळी पोरगा न्यायला येतोय, तपासल्याशिवाय कशी देऊ?

गाडी निघाली ती लोण्यातून सुरी जावी तशी. जरा मूठ पिळली की पुढचं चाक हलकं व्हायचं. घाटात एका बाजूला कातळ आहे, त्यावर आपटून आवाज परत यायचा. कानसेन खुशीत होता. स्वतःच्याच गाडीचा आवाज असा समोरून ऐकायला कुणाला मिळतो? तो मूठ पिळायचा आणि ऐकायचा. सोडायचा आणि ऐकायचा. मिस नाही, फटफट नाही, सगळं चोख.

तिसऱ्या गिअरवरून चौथा टाकला तेव्हा त्याला पहिल्यांदा खटकलं.

कातळावरून येणाऱ्या आवाजाने गिअर टाकला तो उशिरा. म्हणजे एवढासा उशिरा नाही. माणूस विचार करून टाकतो, तेवढा उशिरा.

वळणामुळे होत असेल, त्याने मनाशी म्हटलं. मूठ सोडली. त्याची गाडी शांत झाली.

कातळावरचा आवाज झाला नाही.

पुढे कातळ संपतो. रस्ता डोंगराच्या पाठीवरून जातो, दोन्हीकडे नुसती दरी. आवाज परत यायला तिथे काही नाहीच. आणि आवाज येत होता. मागून. चढत. कानसेनने आरशात पाहिलं. अंधार. दिवा नाही, काही नाही. कुणी दिवा न लावता येतंय, त्याला वाटलं, जाऊ दे पुढे. त्याने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. किल्ली काढून मुठीत घेतली. आणि वाट बघत उभा राहिला.

तेव्हा त्याला तो आवाज नीट ऐकू आला.

त्याचाच होता. संध्याकाळी त्याने या हातांनी बनवलेला. ज्या पाइपातून तो निघायचा, तो पाइप त्याच्या पायाशी होता. बंद.

आवाज जवळ आला. बाजूने गेला. तोंडावर वारा आला, पेट्रोलचा वास आला, पोटऱ्यांना गरम झळ लागली. रस्त्यावर काही नव्हतं. आवाज वर गेला, आंधळ्या वळणापाशी. तिथे दोनदा रेस दिली.

घुर्र. घुर्र.

मग शांत.

कानसेनचा हात आपोआप वर गेला. पाना धरल्यासारखा. सवयीने.

"मोठ्या...?"

काही नाही. रातकिडेसुद्धा नाहीत.

मग इंजिन पुन्हा सुरू झालं. परत येत होतं. सावकाश. न्यूट्रलमध्ये, उतारावरून, कुणी गाडी हाताने धरून चालत यावं तसं. आलं. आणि त्याच्यासमोर थांबलं. हाताच्या अंतरावर. नुसतं धडधडत.

"मोठ्या... काय पाहिजे?"

धडधड.

"गाडी पाहिजे का तुझी?"

धडधड. बदल नाही.

 कानसेनला वाटलं, भाऊ आहे. भावाची काळजी असणार, दुसरं काय. तो म्हणाला, "घाबरू नको रे. धाकट्याला नाही देत मी ही गाडी. नाही येऊ देत त्याला इकडे."

आणि रेस चढली.

सावकाश नाही. एकदम. मूठ पार शेवटापर्यंत पिळल्यासारखी. त्याच्या तोंडासमोर. चढतच गेली. इंजिन जिथे फुटायला हवं होतं तिथूनही पुढे... कानसेनने कान दाबून धरले. आवाज हाडांतून येत होता. खडे हलत होते. तो खाली बसला. ओरडला.

"देतो! ... देतो... उद्याच देतो..."

रेस उतरली.

पुन्हा तीच धडधड. मऊ. समाधानी. मांजराने पायाशी बसावं तशी.

मग तीही हळूहळू थांबली.

कानसेन किती वेळ बसून राहिला, त्याचं त्यालाच ठाऊक नाही. इंजिन सुरू करायची छाती झाली नाही. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि उताराने तशीच खाली आणली, ब्रेक दाबत दाबत. गॅरेजचं शटर आतून ओढलं. मग ग्राइंडर लावला. बायको धावत खाली आली तर हा ठिणग्यांच्या उजेडात तो पाइप कापत होता. जीव ओतून केलेला पाइप. रडत होता, ती सांगते. पाइप झाला, मग त्याने इंजिन खोललं. हेड उतरवलं, पिस्टन काढला, एकेक भाग वेगळ्या कोपऱ्यात नेऊन टाकला. तिने विचारलं, "अहो, काय झालंय तुम्हाला?" तो एवढंच म्हणाला, "शब्द दिलाय. मोडायचाय."

पहाटे धाकटा आला, जाकीट घालून, हेल्मेट हातात घेऊन. दारातच थिजला.

"काका... हे काय केलंत?"

"इंजिन सीझ झालं. जाम."

"आणि पाइप? पाइपसुद्धा सीझ झाला?"

 पोरगा तोंडाला येईल ते बोलला. दारू पिऊन मोडली म्हणाला, दुसऱ्याला विकायला काढली म्हणाला. याने सगळं मान खाली घालून ऐकलं. ग्रुप धाकट्याशिवाय गेला आणि संध्याकाळी सुखरूप परत आला. घाटात त्या दिवशी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. म्हणजे बघा, आपण बरोबर केलं हे कानसेनला कुणापुढे सिद्धही करता येईना. बरीच गिऱ्हाइकं तुटली. धाकटा अजून त्याच्याशी बोलत नाही.

पण एका दुपारी त्या पोरांची आई आली. खुर्ची दिली तरी बसली नाही. त्या सुट्या इंजिनाकडे बघत म्हणाली, "तू मोडलीस?"

"हो, मावशी."

"बरं केलंस, बाबा." मग म्हणाली, "तू मोडलीस त्याच्या आदल्या आठवड्यात मोठा रोज रात्री आमच्या फाटकाशी रेस द्यायचा. दोनदा. मी खिडकीशी जायची तर कुणी नाही. रीत त्याचीच, पण आवाज त्याच्या गाडीचा नव्हता रे. नवाच होता काहीतरी. इथे, पोटात वाजायचा."

कानसेनने टेबलाकडे पाहिलं. आदल्या आठवड्यात तो पाइप झालाच नव्हता. नुसते तुकडे पडले होते टेबलावर.

"आई म्हणून सांगते," ती म्हणाली, "पोरगा वाईट नव्हता माझा. पण धाकट्याला घेतल्याशिवाय कुठे जायचाच नाही. शाळेत नाही, खेळायला नाही. एकट्याला त्याला करमायचंच नाही."

एवढं बोलून ती गेली.

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. परवा मी गॅरेजवर गेलो होतो. कानसेनने हाताला धरून मला मागच्या खोलीत नेलं. तिथे भिंतीला खिळा आहे, त्यावर त्या पाइपाचे तुकडे टांगलेत, तारेत ओवलेले. भंगारवाल्याला द्यायचा धीर होत नाही म्हणतो.  मग तुकड्यांवर बॅटरी मारली.

तुम्हाला ठाऊक असेल, स्टीलचा पाइप नवा असताना चांदीसारखा असतो. गाडी पळायला लागली की तापून तापून आधी सोनेरी होतो, मग तांबूस, आणि पुष्कळ पळाली की निळा. आपोआप होत नाही, इंजिनाची आगच लागते. कानसेनने त्या रात्री कापला तेव्हा पाइप एकदाच घाटात गेला होता, तोंडाशी जरा सोनेरी झाक, एवढंच.

आता तुकड्यांवर धूळ होती, कोळ्याने जाळं विणलं होतं. मी बोटाने धूळ पुसली. पहिला तुकडा निळा. गडद निळा. दुसराही. तिसरा अर्ध्याच्या पुढे निळा, मग तांबूस, मग सोनेरी... रंग अजून सरकतोय, म्हणजे कुणीतरी अजून गाडी पळवतंय, म्हणतो कानसेन. तो दर महिन्याला बघतो.

शेवटच्या तुकड्याच्या टोकाला चांदी उरलीय. बोटभर.