अनाथ पोराची शिफारस

"सकाळी नऊला पत्र कपाटात होतं. वॉक करून दहाला आलो, गायब. चोर कोण तेही मला माहितीये," गुरुनाथ काका म्हणाले.

"मग मला कशाला बोलावलंत?" आसावरीने विचारलं.

"पुरावा हवाय."

आसावरी अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावातली प्रायव्हेट डिटेक्टिव्ह. सोबत मावसभाऊ मिहीर. तो गाडी चालवायचा आणि चुकीचे अंदाज बांधायचा. काका रिटायर्ड हार्ट सर्जन. काकू गेल्यापासून एवढ्या मोठ्या घरात जुनी अमेरिकन पत्रं जमवत बसलेले.

हरवलेलं पत्र १७९९ चं. एका गावच्या जजने एका अनाथ पोराला सैन्यात अधिकारी नेमावं म्हणून केलेली शिफारस. उद्या ते लायब्ररीला भेट म्हणून द्यायचं होतं.

"चोर वर राहतो," काका म्हणाले. "परीक्षित. माझ्या पत्रांची यादी तोच करतो."

टेबलावर आणखी एक शिफारसपत्र होतं, काकांच्या लेटरहेडवर. परीक्षितला लांबच्या अर्विंग शहरातल्या एका म्युझियममध्ये नोकरी मिळावी म्हणून. वर तारीख तीन. सहीची जागा रिकामी. आज चोवीस.

"पाचपर्यंत अपलोड करायचंय," परीक्षित जिन्यातूनच म्हणाला. "नाही झालं तर जॉब गेला. मग व्हिसापण. पण मी पत्र घेतलं नाही, काका."

काका खिडकीबाहेर बघत राहिले.

कपाटाला कुलूप नव्हतंच. आत पत्राचं प्लास्टिकचं कव्हर होतं, रिकामं.

"घाईत पळाला यार," मिहीर पुटपुटला.

"विकायला नेणारा कव्हर सोडून जाईल?"

किचनमध्ये नंदा मावशी भाजी चिरत होत्या. स्वयंपाक आणि पूजा, दोन्ही त्यांच्याकडे.

"मी काही बघितलं नाही गं."

"ओट्यावर हेअर ड्रायर?"

"केस धुतले सकाळी."

मावशींची वेणी तेलाने चपचपीत होती.

मायक्रोवेव्हवर कुंकवाचं बोट उमटलेलं. परीक्षितच्या लॅपटॉपवरही.

"मावशींचं काम," परीक्षित हसला. "नवीन वस्तू असो की गावाला निघालेला माणूस, कुंकवाशिवाय सुटका नाही."

देवघरात मात्र आज देवांनाच कुंकू नव्हतं. करंडा सिंकमध्ये घासून पालथा घातलेला. लाल फडक्यात बांधलेल्या पोथीवर तांदळाचा मोठा डबा.

"नैवेद्य असेल," मिहीर म्हणाला.

सव्वाचारला आसावरीने सगळ्यांना देवघरासमोर बोलावलं.

"पत्र घराबाहेर गेलंच नाही. कव्हरमधून काढलं, कारण कागदालाच हात लावायचा होता. उद्या ते घरातून निघणार, म्हणून कुंकू लावायला. ते फिसकटलं. ओल्या फडक्याने पुसलं, अजून पसरलं. ड्रायरने वाळवलं, तर कागद वाकडा झाला. मग सपाट व्हावा म्हणून..."

तिने डबा उचलला, फडकं सोडलं. पोथीच्या पानांत पत्र होतं. कोपऱ्यात लालसर डाग.

नंदा मावशी मटकन खाली बसल्या. "डॉक्टर, वाटलं होतं डाग जाईल. गेला नाही, मग तोंडच उघडेना. पण परीक्षितवर आळ येऊ द्यायला नको होता."

"कागदाला कुंकू, मावशी?" मिहीरने विचारलं.

"लांब निघालेल्याला लावतातच ना? या घरात कोणी येत नाही. मग जाणार तरी कोण? इतक्या वर्षांत हे पत्रच तेवढं निघालं होतं."

आसावरीने टेबलावरचं सही नसलेलं पत्र आणून जजच्या पत्राशेजारी ठेवलं.

"काका," आसावरी हळूच म्हणाली, "पत्र आज सकाळी हरवलं. पण ती सही तीन तारखेपासून अडलीये. परीक्षितवर तुमचा खरंच संशय होता?"

काकांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला.

"नाही," ते म्हणाले. "सही केली की वरची खोली रिकामी."

परीक्षितने मान खाली घातली.

काकांनी जजचं पत्र उचललं. "बघ ना. तो पोरगा या जजच्याच घरात वाढला होता. तरी याने लिहिलं." मग त्यांनी पेन मागितलं आणि सही केली.

मावशी उठल्या, करंडा भरून आल्या आणि सहीच्या कागदापाशी घुटमळल्या.

"कागदाला नको, नंदाताई," काका म्हणाले. "त्यालाच लावा."