मोल्काला एक्क्याऐंशी गुण

इयाद मला पहिल्यांदा दिसला तो पायांकडून. आमच्या ऑफिसातल्या मोठ्या टेबलाखालून दोन बूट बाहेर आले होते, एकाची नाडी सुटलेली, आणि आतून आवाज येत होता, "मादाम नजवा, या वाय-फायच्या डब्याचा पासवर्ड शेवटचा कधी बदललात?"

"तो बदलायचा असतो?" माझी उम्मी, म्हणजे आई, म्हणाली, आणि कॉफीत नारंगीच्या फुलांचं पाणी टाकत राहिली.

मी शाळेतून नुकतीच आले होते. अंगात निळा एप्रन, तोंडात खजुराचा गोड मक्रूद. वाकून पाहिलं तर एक मुलगा पोटावर पडून, डब्याच्या बुडाला चिकटवलेली चिठ्ठी वाचत होता. चिठ्ठीवरचं अक्षर माझं होतं. खालची फुलाची नक्षीही माझीच.

"ब७र," त्याने वाचलं. "बहर. म्हणजे समुद्र. किनाऱ्यासाठी भांडणाऱ्या संस्थेचा पासवर्ड समुद्र… कुणाला सुचणार म्हणा."

"त्यात सात आहे," मी म्हणाले. "आकडा घातला की पासवर्ड पक्का होतो."

"तो आकडा कुठला, ते अक्षर आहे. आख्खं ट्युनिस मोबाइलवर 'ह'च्या जागी सात लिहितं." तो बाहेर सरकला आणि मांडी घालून बसला. "चोर काय नॉर्वेहून येणार आहे?"

त्याच्या भुवईवर कोळ्याचं जाळं लागलं होतं. मी त्याला तासभर सांगितलं नाही. शोभत होतं.

त्याचं आमच्याकडे काय काम होतं, ते सांगते. माझ्या आईची संस्था आहे, 'किनारा सगळ्यांचा'. हॉटेलवाले वाळूत दोऱ्या बांधतात, खुर्च्या मांडतात आणि समुद्रात पाय बुडवायचे दिनार मागतात. त्याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून सहा संस्था एकत्र आल्या होत्या आणि एकतीस हजार सह्या जमल्या होत्या, प्रत्येकीसोबत नाव आणि ओळखपत्राचा नंबर. ही यादी चुकीच्या हाती पडली तर एकतीस हजार माणसांच्या मागे कटकट लागणार. म्हणून ठरलं, ज्या संस्थेचे संगणक सर्वांत सुरक्षित, तिच्याकडे यादी राहील. त्यांतल्या एकोणीस हजार सह्या एकट्या उम्मीने जमवल्या होत्या. तीन उन्हाळे, डोक्यावर गवताची टोपी, टाचांना फोड. यादी आपल्याकडे राहावी, एवढंच तिला हवं होतं.

आणि इयाद, संगणकाच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला, फुकट राबणारा, सहाही संस्थांना शंभरपैकी गुण देणार होता. महिन्याभराने तुलनेचा तक्ता सगळ्यांपुढे वाचणार होता.

पहिल्या बुधवारी आम्हाला मिळाले एक्केचाळीस.

"आणि 'खुला रस्ता'वाल्यांना?" मी विचारलं.

"एक्क्याऐंशी." मग तो हलकंच हसला. "तिथे मोल्का आहे ना."

जणू एवढ्यात सगळं आलं.

मला तोवर मत्सर माहीत नव्हता. म्हणजे दुसऱ्या मुली माझा करायच्या, मी वर्गात पहिली यायचे म्हणून, आणि ते मला फार गोड वाटायचं. स्वतःला झाला तेव्हा कळलं, त्यात गोड काही नसतं. घशात माशाचा काटा अडकल्यासारखं होतं. गिळवत नाही, खोकून निघत नाही.

मी कामाला लागले. ब७र बदलला. उम्मीचा जुना लॅपटॉप, ज्यावर माझ्या पाचवीतल्या कविता होत्या, पुसून काढला. आमचे म्हातारे स्वयंसेवक ओळीत बसवले आणि शिकवलं, की अनोळखी पत्रातल्या दुव्यावर बोट ठेवायचं नाही, नातवाचं, बायकोचं, कुणाचंही नाव पासवर्डात घालायचं नाही. इयाद दाराला टेकून ऐकायचा.

"छान शिकवतेस," तो म्हणायचा.

"मोल्कापेक्षा?"

"मोल्का शिकवत नाही. ती नुसती बघते, की लोक घाबरून आपोआप शिकतात."

"तुला भीती वाटते तिची?"

"थोडी."

"माझी?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या खडूकडे… "तुझी वेगळी," तो म्हणाला, आणि लगेच खाली वाकून कुठलीशी वायर तपासायला लागला. ती वायर पंख्याची होती.

आता तुम्हीच सांगा, अशा बोलण्यावर मुलीने रात्री झोपावं कसं? मी झोपलेही असते. पण पुढच्या बुधवारी अठ्ठावन्न गुण देताना तो म्हणाला, "मोल्काकडे दार उघडायला दोन किल्ल्या लागतात, एक डोक्यात, एक फोनवर. तसं करा." त्याच्या पुढच्या बुधवारी सत्तर, आणि, "मोल्का दर शुक्रवारी सगळ्याची प्रत काढून वेगळी ठेवते." माझा अरबीचा पेपर असायचा, फ्रेंचचा असायचा, पण कानात एकच… मोल्का, मोल्का, मोल्का.

शेवटी मी तिला पाहायलाच गेले. उम्मीचा एक कागद पोचवायचा आहे, असं निमित्त केलं. 'खुला रस्ता'च्या दारात एक उंच मुलगी उभी होती. कुरळे केस पेन्सिलीने वर बांधलेले. ती हसली, हात पुढे केला आणि म्हणाली, "ओळखपत्र?"

"मी युस्र. नजवाची मुलगी. किनाऱ्याची."

"असशील गं. दाखव तरी."

तिच्या टेबलावर एक चिठ्ठी नव्हती. एक चुरा नव्हता. आणि खुर्चीच्या पाठीवर इयादचं जाकीट होतं. करड्या रंगाचं, कोपरावर शाईचा डाग. आमच्याकडे त्याने जाकीट कधी काढलं नव्हतं. खिडकी उघडी असायची, घाम यायचा, तरी नाही.

"बस ना, तो येईलच इतक्यात," मोल्का म्हणाली.

"कोण?" मी म्हणाले, आणि इतकी सरळ चालत बाहेर पडले की बसथांबाच मागे राहिला.

त्या आठवड्यात मी घरी नीट जेवले नाही, पण ऑफिसातलं एकही कुलूप कच्चं ठेवलं नाही. चौथ्या बुधवारी इयादने आकडे दोनदा तपासले.

"त्र्याऐंशी."

उम्मीने कॉफीचं भांडं खाली ठेवलं. सह्यांच्या कागदांची खोकी होती, त्यांवरून एकदा हात फिरवला, जसा माझ्या डोक्यावरून फिरवते.

"आता एकच चाचणी राहिली," इयाद म्हणाला. "कधीतरी एक खोटं पत्र येईल. जो फसून पासवर्ड देईल, त्याच्या संस्थेचे सहा गुण जातील. बाकी झालं."

"आमच्याकडे कोणी फसणार नाही," मी म्हणाले. "मी शिकवलंय."

पत्र सोमवारी आलं. मी इतिहासाचं पुस्तक उघडून बसले होते. पाठवणारी: मोल्का. विषय: 'इयादची खासगी टिपणं, तुझ्याबद्दलची.'

सांगते, मला कळत होतं. अर्ध्या क्षणात कळलं होतं. पण तिच्याकडे त्याची टिपणं? माझ्याबद्दल? आणि ती मला दाखवून हसणार? बोट आपोआप गेलं. पान उघडलं, पासवर्ड मागितला, मी टाकला. मग पांढऱ्या पानावर एवढंच आलं: 'ही चाचणी होती. पुढच्या वेळी आधी फोन करून खात्री करा.'

आमचे सगळे म्हातारे वाचले. फसले ती मी.

आणि त्याहून वाईट होतं ते वेगळंच. माझा पासवर्ड काय होता, ते कसं लिहू… न७एबइयाद. नहेब, म्हणजे आवडतो, आणि नहेब म्हणजेच प्रेम करते. आमच्याकडे दोन्हीला एकच शब्द आहे, त्यामुळे पळवाटही नाही.

बुधवारी इयाद आला तो दारातच उभा राहिला. उम्मी बँकेत गेली होती. त्याचे कान लाल होते.

"युस्र, त्या पानाने शब्द साठवायला नको होता. माझी चूक. मला वाटलं मी ते बंद केलंय. मी यादी उघडली आणि…"

"वाचलास."

"पुसला."

"वाचून पुसलास."

"हो."

बाहेर कुणीतरी पुदिन्याच्या जुड्या विकत ओरडत होतं. मी टेबलावरचे पेन एका रांगेत लावले, मग दुसऱ्या रांगेत.

"शब्द पुसलास ना," मी म्हणाले, "मग ओळही पूस. एक जण फसलं, एवढीच ओळ. तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. सहा गुण गेले तर सत्त्याहत्तर उरतात, इयाद. यादी मोल्काकडे जाईल. उम्मीच्या टाचा पाहिल्यास तू?"

त्याने वाकून बुटाची सुटलेली नाडी बांधली.

"ओळ पुसली तर त्र्याऐंशी हा आकडा तुमचा राहणार नाही," तो म्हणाला. "मी दिलेला होईल. तसा आकडा तुझ्या आईला द्यायला मला लाज वाटेल."

"मोल्काची असती तर पुसली असतीस."

"मोल्काकडे ते पत्र तुझ्या नावाने गेलं होतं. तिने मला फोन करून विचारलं, युस्रने खरंच पाठवलंय का."

"हो का. गुणाची ती." माझा आवाज फाटला. "जा मग तिच्याकडेच. जाकीट राहिलं असेल."

तो गेला. बराच वेळ मला कळेना, मी नेमकी कशाकशावर चिडले होते.

शनिवारी सकाळी सहाही संस्था आमच्याच ऑफिसात जमल्या. अध्यक्ष होते सी तय्यब, निवृत्त न्यायाधीश, ज्यांना सगळं दोनदा सांगावं लागतं आणि तरी सगळं आधीच कळलेलं असतं. मोल्का पहिल्या रांगेत. उम्मीने ठेवणीतला निळा स्कार्फ घातला होता. तिला मी काही सांगितलं नव्हतं. चार दिवस प्रयत्न केला, तोंडच उघडलं नाही.

इयादने पाच संस्थांचे गुण वाचले. 'खुला रस्ता', एक्क्याऐंशी, कोणी फसलं नाही. मग त्याने कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

"'किनारा सगळ्यांचा'चे गुण मी वाचणार नाही," तो म्हणाला. "दोन कारणं आहेत. एक, माझ्या चाचणीच्या पानाने टाकलेला शब्द साठवला, ते चूक होतं. मी तो पाहिला आणि पुसला, हे नोंदवा. दुसरं… माझा त्या संस्थेत हितसंबंध आहे. असला तर आधी जाहीर करायचा, असा आपलाच नियम आहे. मी उशीर केला."

"पगार घेतोस त्यांचा?" सी तय्यबनी विचारलं.

"नाही."

"नातेवाईक आहेत तुझे?"

इयादने माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ समोर, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून म्हणाला, "अजून नाहीत."

उम्मीच्या हातातलं भांडं तसंच हवेत राहिलं. मागे कुणीतरी चमचा पाडला. मोल्काने ओठ आत ओढून घेतले.

"बरं," सी तय्यब चष्मा पुसत म्हणाले. "मग तुमचा आकडा कोण सांगणार?"

कागद उलटा पडला होता. त्यावर कुणाचं नाव नव्हतं, मला माहीत होतं. उम्मी उठणार होती, तिच्या आधी मी उठले. आवाज वर्गात उत्तर देतानासारखा निघाला.

"त्र्याऐंशी होते. एक जण फसलं, म्हणून सत्त्याहत्तर. फसले ती मी. बाकी सगळ्यांनी मी शिकवलं तसंच केलं."

उम्मीने माझ्याकडे वळून पाहिलं. ते पाहणं मला अजून सहन होत नाही, म्हणून त्याचं वर्णन करत नाही.

यादी 'खुला रस्ता'कडे गेली. उम्मीने खोकी स्वतः उचलून मोल्काच्या हातात दिली, एकेक करून. "काहींवर ओल्या वाळूचे डाग आहेत," ती म्हणाली. "पुसायला जाऊ नकोस. सही निघून येते."

"नाही पुसणार, मादाम," मोल्का म्हणाली. मग माझ्या जवळून जाताना थांबली. "तुला एक सांगू? दर गुरुवारी हा माणूस आमच्याकडे येऊन तेच सांगायचा. युस्रने हे बदललं, युस्रने म्हाताऱ्यांना ते शिकवलं. मला तुझा इतका राग यायचा. त्या दिवशी ओळखपत्र काय उगाच मागितलं मी?"

"मला वाटलं, नियम आहे."

"नियमही आहे," ती म्हणाली.

सगळे गेल्यावर उम्मी इयादपुढे जाऊन उभी राहिली. तो तिच्यापेक्षा वीतभर उंच, तरी खाली पाहत होता.

"माझी यादी घालवलीस, वलदी, पोरा," ती म्हणाली, "आणि वर माझी मुलगी मागतोस?"

"मागितली नाही, मादाम. जाहीर केलं फक्त."

उम्मीने नाकाने श्वास सोडला. "जिना झाडायचा राहिलाय. दोघे झाडा. दार उघडं राहील." आणि आत जाऊन तिने रेडिओ लावला, जरा मोठ्यानेच.

जिन्यात धूळ आणि ऊन होतं. झाडू एकच होता.

"आमच्याकडे जाकीट का काढायचा नाहीस?" मी विचारलं.

"शर्टाला पाठीवर ठिगळ आहे. मोल्काने पाहिलं तर काही वाटत नाही." तो थांबला. "तू पाहू नयेस असं वाटायचं."

"दाखव."

त्याने जाकीट उतरवलं. ठिगळ होतं, चौकोनी, निळ्या धाग्याने जरा वाकडं शिवलेलं. मी त्यावर बोट ठेवलं. तो हलला नाही.

"नहेबेक," मी म्हणाले. मोठ्याने म्हटलं तर किती छोटा शब्द आहे…

तो वळणार, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, मोल्का.

त्याने फोन खिशात परत घालायला सुरुवात केली.

"उचल," मी म्हणाले. "यादीचं काही असेल. एकोणीस हजार माणसं आहेत आमची तिच्याकडे."

त्याने उचलला. मी आता मोठ्या मनाची झाले होते, म्हणून काही बोलले नाही. फक्त त्याचा दुसरा हात धरून ठेवला, आणि ती काय म्हणते ते ऐकू यावं म्हणून एक पायरी वर चढले.